बलभीमदादांच्या दातांवरचं किटण

मित्रांनो, मी एक जुना स्केलर आहे. स्केलर म्हणजे काय, असं तुम्ही विचारणारच, कारण माझ्याकडे कुणी नीट बघत नाही. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की माणसं डोळे घट्ट मिटून घेतात आणि घरी जाऊन सांगतात, "तोंडात काहीतरी टोकदार घातलं." ते काहीतरी टोकदार म्हणजे मी. पेनाएवढी लांबी, मधे खरखरीत मूठ आणि दोन्ही टोकांना इवल्याशा विळ्यासारखं वाकलेलं पातं. दातांवर घट्ट चिकटून बसलेलं किटण खरवडून काढणं हे माझं काम. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला स्वस्थ बसवत नाही. गोष्ट सांगतानाही मी मधेच पुढं पळेन, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म पोलादाच्या एका सळीतून झाला. गाव कुठलं ते मला ठाऊक नाही. भट्टी आठवते, घण आठवतो आणि फिरत्या चाकावर अंगातून उडालेल्या ठिणग्या आठवतात. शेवटच्या कारागिरानं माझं पातं स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढलं. नखाची बारीकशी साल निघाली. तो "चल" म्हणाला आणि त्यानं मला कागदात गुंडाळलं. आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते. त्यानंतर किती महिने मी अंधाऱ्या खोक्यात पडून होतो, ते विचारू नका. चुळबुळ करायलाही जागा नव्हती.

लातूरला दातांचं शिक्षण घेणाऱ्या शिवरंजनी नावाच्या मुलीनं मला विकत घेतलं. पहिले काही महिने आम्ही प्लास्टरच्या ठोकळ्यात रोवलेल्या दातांवर सराव केला. त्या दातांना दुखत नव्हतं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं आम्हा दोघांनाही वाटू लागलं. मग पहिला जिवंत पेशंट खुर्चीत आला आणि शिवरंजनीचा हात असा थरथरला की मी त्या माणसाच्या दातांवर टकटक वाजू लागलो. मागं उभे असलेले सर म्हणाले, "आधी शेजारच्या दातावर बोट टेकव. हात टेकला की मन टेकतं." तिनं बोट टेकवलं. मी किटणाच्या खाली शिरलो, एकदा वर ओढला गेलो आणि कट असा आवाज येऊन पिवळट दगडाचा एक तुकडा निघून आला. खालून स्वच्छ दात दिसला. तो कट मी आजही विसरलेलो नाही. माझ्या जातीच्या हत्यारासाठी त्याहून गोड आवाज नाही.

किटण कसं होतं, तेही सांगून टाकतो, नाहीतर पुढं घाई होईल. जेवणानंतर दातांवर एक चिकट थर बसतो. जीभ फिरवलीत तर बुळबुळीत लागतो. तो साध्या ब्रशनं निघतो. पण तसाच राहू दिलात, तर लाळेतल्या क्षारांनी तो थोड्याच दिवसांत कडक होऊ लागतो आणि पुढं दगड होऊन बसतो. त्या दगडावर पुन्हा थर, त्याचा पुन्हा दगड. मग तो हिरडीखाली सरकतो. हिरडी सुजते, रक्त येतं, खालचं हाड हळूहळू मागं हटतं आणि दात उघडा पडतो. हे सगळं चाललेलं असताना बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. मला तोच राग येतो. दुखलं असतं, तर माणसं वेळेवर आली असती.

शिक्षण संपवून शिवरंजनी डॉक्टर झाली आणि तिनं उमरग्यात महामार्गालगत दवाखाना थाटला. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. हैदराबादकडे जाणारा जड ट्रक गेला की ट्रेमधली सगळी हत्यारं किणकिणायची. मला ते आवडायचं. गुटखा खाणारे ड्रायव्हर यायचे, तंबाखूची मळी दाताला लावून बसणारे म्हातारे यायचे, मिश्री घासणाऱ्या बायका पदरानं तोंड झाकून यायच्या. दवाखान्याची झाडलोट आणि हत्यारांची उकळणी बघणाऱ्या कस्तुराबाई स्वतःच रोज दोनदा मिश्री लावायच्या आणि आलेल्या बायकांना मात्र दटावायच्या, "काय गं बाई ही दातांची दशा!" शेवटी एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच खुर्चीत बसवलं. काम झाल्यावर त्या आरशात बघून इतक्या लाजल्या की दिवसभर पदर तोंडावरून काढेनात. पण मिश्रीची डबी त्यांनी आपल्या हातानं कचऱ्यात टाकली. मी पाहिलं.

ते माझे चांगले दिवस होते. संध्याकाळी डॉक्टरीणबाई मला धारेच्या दगडावर घासायच्या. दर वेळी मी किंचित बारीक व्हायचो, पण त्याचं मला काही वाटायचं नाही.

मग मशीन आलं. निळ्या नळीचं, पाण्याचा फवारा मारणारं, कीऽऽऽ असं ओरडणारं. जे काम करायला मला अर्धा तास लागायचा, त्याला त्याला दहा मिनिटं पुरायची. पेशंट खूश, डॉक्टरीणबाई खूश. मी मात्र सगळ्यात खालच्या खणात गेलो. तिथं एक वाकलेला चिमटा आणि जुन्या पावत्यांचा गठ्ठा होता. सुरुवातीला कुणीही खणाशी वाकलं की मला वाटायचं, आता आपल्याला बोलावलं. नंतर तेही वाटेनासं झालं, पण चैन पडत नव्हती. वर कीऽऽऽ सुरू झालं की माझं पातं शिवशिवायचं. चिमटा म्हणायचा, "पड की गप." मी काही त्याच्यासारखा नाही.

असे तीन पावसाळे गेले.

मग एका मंगळवारी बलभीमदादा आणि चाँदपाशा जिना चढून वर आले. बलभीमदादा म्हणजे गुरांच्या बाजारातले हेडी. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जुळवणारा तो हेडी. साठीच्या पुढचा माणूस, डोक्याला पटका, हातात चाबकाची काठी. बैलाचा ओठ अंगठ्यानं खाली दाबून त्याचं वय सांगण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बलभीमदादांनी तोंड बघितलं म्हणजे झालं, घेणारा दुसऱ्याला विचारत नसे. चाँदपाशा त्यांचे धंद्यातले जोडीदार. उंच, सडपातळ, मेंदी लावलेली दाढी. "माझा दात दुखायलाय, सोबत चल," असं सांगून ते बलभीमदादांना घेऊन आले होते. खुर्चीजवळ येताच ते बाजूला झाले आणि म्हणाले, "बाई, माझा न्हाय. याचा बघा."

"ही काय थट्टा म्हनायची?" बलभीमदादा गुरगुरले.

"बैस रे. आता चढलाच हाईस जिना, तर बैस."

ते कसेबसे बसले. डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे आजारांची चौकशी केली. दोन वर्षांमागं सोलापूरला छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारी बॅटरी बसवली आहे, असं चाँदपाशांनीच सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घातला. पुढच्या खालच्या दातांच्या मागं आणि मधल्या फटींत किटणाची भिंत उभी होती. काळी, जाड, एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत सलग.

"दादा, हे किती वर्षांचं आहे?"

"ठावं न्हाय. पर ते किटण न्हाय बाई, सिमिट हाय. त्यानंच तर दात धरून ठिवलेत." आणि मग धंद्यातला माणूस बोलू लागला. "बैलाला वरचं फुडचं दात नसत्यात, म्हाईत हाय का? खालचं आठच. सगळं वय त्या आठात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग आठी भरलं की जुळला. हजारांनी तोंडं उघडली म्या. माझं मातर कुणी उघडलं नव्हतं आजवर."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. सिमेंट दात धरत नाही, उलट दाताखालचं हाड खातं. आत्ता काढलं नाही तर हे पुढचे दात एकेक करून जातील. मग त्या म्हणाल्या, "मशीनचं आणि तुमच्या बॅटरीचं जमतं की नाही, याची मला खात्री नाही. मी हातानंच काढते." आणि त्या वाकल्या. खालचा खण उघडला गेला.

मित्रांनो, या वेळी खरंच मला बोलावलं होतं. कस्तुराबाईंनी मला धुतलं, उकळलं. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी मला दगडावर घासून धार लावली होती. मी ट्रेवर जाऊन पडलो, तर खालून एक ट्रक गेला आणि मी नुसता नाचलो.

बलभीमदादांनी मला बघितलं. माझ्या वाकड्या टोकाकडे ते टक लावून बघत राहिले.

"ह्यानं काय करनार?"

"दातांवरचं खरवडून काढणार."

त्यांनी तोंड मिटलं. चेहरा राखेसारखा झाला. ते खुर्चीतून असे उठले की पाण्याचा पेला खाली पडला. "दात खरवडायचं म्हंजी वय चोरायचं," ते म्हणाले. "बाजारात जी लबाड मानसं असत्यात ना बाई, ती हेच करत्यात. म्हाताऱ्या बैलाचं काळं खरवडत्यात, कानशीनं दात घासून सारखं करत्यात आन् नुकता जुळलाय म्हनून इकत्यात. बलभीमनं दात खरवडून घेतलं म्हनून उद्या लोक बोटं दावतील. आपल्याला जमायचं न्हाय." आणि ते काठी आपटत जिना उतरले.

मी ट्रेवर तसाच. एका दातालाही शिवलो नव्हतो.

चाँदपाशा दाराशी घुटमळले. "बाई, तुमाला एक गोष्ट सांगतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आमी सौदा करतो ना, तो उपरण्याखाली हात घालून. बोटं दाबून भाव सांगायचा, लोकांला कळू नये म्हनून. तवा तोंडं लई जवळ येतात. आता याच्या तोंडाचा वास असा येतो की लोक मान फिरवायलेत. मागच्या बाजारात एकानं तर हातच काढून घेतला. आन् या येड्याला वाटायलंय, लोकांचा त्याच्यावरचा इमान उडाला. जेवत न्हाय, कुनाशी बोलत न्हाय. बाजारात जायचं बंद करतो म्हनतो."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही, वासाचं?"

चाँदपाशांनी मान हलवली. "तीस सालाचा दोस्त हाय. कसं सांगू?"

त्यानंतरचे वीस दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. खणातली तीन वर्षं परवडली, कारण तेव्हा कुणाचं काही अडलेलं नव्हतं. आता मला ती भिंत दिसत होती. रोज तिच्या खाली हाड थोडं थोडं मागं हटत असणार, हे मला कळत होतं, आणि मी निर्जंतुक पाकिटात बंद होऊन वरच्या खणात पडलो होतो. मधल्या काळात डॉक्टरीणबाईंनी सोलापूरच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. हातानं काम करायला त्यांची हरकत नव्हती. सगळं तयार होतं. माणूस तेवढा नव्हता. जिन्यावर पाऊल वाजलं की मी ऐकायचो, काठी वाजते का. वाजायची नाही.

एकविसाव्या दिवशी काठी वाजली. बलभीमदादांचा खालचा ओठ सुजला होता. हिरडीत पू झाला होता आणि एक दात बाहेरच्या बाजूला कलला होता. चाँदपाशा हात धरून त्यांना वर आणत होते. "भाकरीचा तुकडा मोडंना," ते कण्हत म्हणाले. "दुधात कालवून खायलोय चार दिसांपासून. काय करायचं ते करा."

डॉक्टरीणबाईंनी आधी औषधं दिली, सूज उतरू दिली आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावलं. ते आले. खुर्चीत बसले. पण तोंड उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "बाई, लोक का मागं सरत असतील वं माझ्यापासनं?"

चाँदपाशा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घालता घालता सरळ सांगून टाकलं, "दादा, वासामुळं. हिरड्या सडल्या की वास येतो. दुसरं काही कारण नाही."

बलभीमदादा खुर्चीत पुढं सरकले.

"वास? नुसता वास?"

"नुसता वास. आणि तो जाईल."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, शरमले. पण खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते, ते मला ट्रेवरून दिसलं नाही. मग त्यांनी हात खाली घेतले, मागं रेलले आणि तोंड उघडलं. "काढा," ते म्हणाले.

हिरडी बधिर केल्यावर डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या दातावर बोट टेकवलं आणि मी आत गेलो. असं किटण मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या ओढीला मी नुसता घसरलो. दुसऱ्या ओढीला थोडा भुगा निघाला. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. मी केली असती. त्या कडेला गेल्या, मला भिंतीच्या अगदी बुडाशी, हिरडीच्या काठाशी नेऊन टेकवलं आणि वर ओढलं. कट. हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा तबकात पडला. मग पुन्हा कट. रक्त येत होतं, कस्तुराबाई ते नळीनं ओढून घेत होत्या आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होत्या, "थोडं ऱ्हायलंय, दादा, थोडं ऱ्हायलंय." थोडं राहिलेलं नव्हतं. डावीकडची अर्धी बाजू व्हायलाच पाऊण तास लागला. मी मधे एकदा बोथट झालो, तेव्हा मला बाजूला ठेवून निर्जंतुक दगडावर पुन्हा धार लावली गेली. तेवढा वेळसुद्धा मला लांबलचक वाटला.

अर्धं झाल्यावर बलभीमदादांनी खुणेनं थांबवलं. तोंड धुतलं आणि म्हणाले, "आरसा द्या."

त्यांनी आरसा धरला. डाव्या हाताच्या अंगठ्यानं स्वतःचा खालचा ओठ खाली दाबला, अगदी बाजारात बैलाचा दाबतात तसा, आणि मान तिरकी करून बघू लागले. उजवीकडे काळी भिंत तशीच होती. डावीकडे दात मोकळे झाले होते. लांब, पिवळसर, झिजलेले, मुळाजवळ बारीक, मधे फटी.

आरसा त्यांनी दोनदा इकडून तिकडे फिरवला. मग हळूच म्हणाले, "हे तर म्हातारं निघालं. हिकडची बाजू जवान दिसायली आन् खरवडलेली बाजू म्हातारी. असं कसं, बाई?"

"किटणानं फटी भरल्या होत्या, झीज झाकली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी दाताला हात लावलेला नाही, दादा. कानस दात खाते. मी फक्त दातावरचं काढलं. खाली जे आहे, ते तुमचं खरं वय."

"म्हंजी यात चोरी न्हाय."

"नाही. उलट आहे."

त्यांनी आरसा मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता ते रेलतील आणि आपण उरलेल्या बाजूला लागू. माझं पातं शिवशिवत होतं. पण ते रेलले नाहीत. ते कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळले.

"चाँद," ते म्हणाले. बधिर ओठामुळे शब्द जड येत होते. "तुजा तो पहिला बैल आठिवतो का? कोसा?"

"देवणी. कोशा रंगाचा. आठवतो की."

"त्याचं दात म्या घासलं हुतं."

कस्तुराबाईंच्या हातातली नळी नुसतीच हवा ओढत राहिली.

"बारा वर्साचा बैल हुता," बलभीमदादा सांगू लागले. "हुकानं काळं काढलं, कानशीनं कडा सारख्या केल्या आन् नुकता जुळलाय म्हनून तुला दिला. तू नवखा हुतास. माझ्या शब्दावर घेतलास. त्याच्या फुडं म्या कुन्या बैलाच्या दाताला हत्यार लावलं न्हाय, कुनाला खोटं वय सांगितलं न्हाय. लोक माझं नाव घेत्यात. पर ते नाव त्या कोशावर उभं हाय. ह्या म्हैन्यात लोकांनी मान फिरवली, तवा मला वाटलं, कळलं. सगळ्यास्नी कळलं. आज बाई म्हनल्या, नुसता वास हाय. म्हंजी कुनालाच ठावं न्हाय. गप बसलो असतो तर भागलं असतं." ते थांबले. "पर तुज्या फुड्यात बसून हे असं अर्धंच काढून घरी जायचं, हे मला जमंना."

मित्रांनो, मी पोलादाचा आहे, पण त्या वेळी माझी चुळबुळ थांबली. मला चाँदपाशांच्या चेहऱ्याकडे बघवेना. तीस वर्षांची दोस्ती होती. एका वाक्यात ती आत्ता या खोलीतून उठून जाऊ शकत होती.

चाँदपाशा उठले नाहीत. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मला ठावं हुतं."

"काय?"

"पहिल्याच दिवशी. घरी नेला, कडबा टाकला. बैल वैरन तोडंना. कानशीनं दात आखूड झालेले, तोडंल कसा? आमच्या अब्बांनी तोंड उघडून दावलं. म्हनले, बेटा, फसलास."

"मग... मग माझ्याकडं आलास कशाला?"

"भांडायलाच आलतो. बाजारात आलो, तर तू एका म्हाताऱ्याला सांगत हुतास, हा बैल घेऊ नको, वय झालंय. तुजंच गिऱ्हाईक बिघडवत हुतास. म्या बघत बसलो. दुसऱ्या बाजारी बी तसंच. मग म्हनलं, या मानसाकडनंच तोंड बघायला शिकावं, म्हंजी पुन्हा कुनी फसवायचं न्हाय. तू बी शिकवलंस. रात न्हाय, दिवस न्हाय."

"ते त्या कोशापायीच शिकवलं रं."

"ते बी ठावं हुतं."

"तीस सालं," बलभीमदादा म्हणाले. "तीस सालं तुला ठावं हुतं आन् तू बोलला न्हाईस?"

"तू बोलशील म्हनून थांबलो."

"आन् बोललोच नसतो तर?"

चाँदपाशा उठले, खुर्चीजवळ आले, खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी बलभीमदादांच्या हातावर टाकलं आणि आपला हात त्याच्याखाली घातला. आत बोटांनी काय झालं, ते मला दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही, ती पद्धतच तशी. बराच वेळ झाला तरी कुणी हात काढून घेतला नाही. डॉक्टरीणबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कस्तुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मग बलभीमदादा मागं रेलले. "घ्या बाई," ते म्हणाले. "ऱ्हायलेली बाजू बी काढा."

आम्ही काढली. त्या दिवशी मी जितकं काम केलं, तितकं कधी केलं नव्हतं. पातं बारीक होऊन होऊन आता इतकं उरलं आहे की यापुढं फार धार लावता येणार नाही. ते मला कळतं.

मित्रांनो, इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. हिरड्या दोन महिन्यांत गुलाबी झाल्या. वास गेला. चाँदपाशा सांगत होते की बलभीमदादा पुन्हा बाजारात उभे राहतात आणि कोशाची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगतात. काही लोकांनी त्यांच्याकडे येणं सोडलं. बरेच जण आले. पण तो बाहेर कललेला दात काही सावरला नाही. त्याच्याखाली हाडच उरलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला तो काढावा लागला. ते माझं काम नव्हतं, पक्कडीचं होतं, पण मी ट्रेवर होतो. दात निघाल्यावर बलभीमदादांनी तो तळहातावर घेऊन बघितला आणि विचारलं, "बाई, म्या आधी आलो असतो, तर हा ऱ्हायला असता का?"

डॉक्टरीणबाईंना खोटं बोलता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "हो."

बलभीमदादांनी दात मुठीत धरला. वासाचं कधीच न बोललेले चाँदपाशा शेजारी उभं राहून खाली बघत होते.

तेव्हापासून मला जास्तच बेचैन वाटतं. मी खणात असतो आणि विचार करतो की या घटकेला कुठल्या गावात, कुठल्या तोंडात, एक मऊ थर कडक व्हायला लागला असेल. तो आज साध्या ब्रशनं निघेल. उद्या-परवाही निघेल कदाचित. त्यानंतर त्याला मी लागेन, आणि मी फार तर किटण काढू शकतो. गेलेलं हाड मला परत आणता येत नाही. म्हणून सकाळी आणि झोपण्यापूर्वी ब्रश घ्या, दातांच्या मागच्या बाजूलाही फिरवा, विशेषतः खालच्या. हिरडीतून रक्त आलं तर घाबरून ब्रश सोडू नका, डॉक्टरांकडे या. दुखायची वाट बघू नका. घरात कुणाच्या तोंडाला वास येत असेल, तर त्यांच्यावर प्रेम आहे म्हणून गप्प बसू नका. जवळ बसून सांगा.

म्हणजे "आधी आलो असतो तर?" असं विचारायची वेळ त्यांच्यावर येणार नाही, आणि तो एका अक्षराचा "हो" तुम्हाला शेजारी उभं राहून ऐकावा लागणार नाही.